एलायझाचा आवाज : ‘माय फेअर लेडी’चा रंगभूमीवरून पडद्यावरील प्रवास

‘माय फेअर लेडी’ हा १९६४ सालचा चित्रपट संपत येतो तेव्हा पडद्यावर एक यंत्र दिसते. एलायझा घर सोडून गेलेली आहे. प्राध्यापक हिगिन्स एकटाच आपल्या अभ्यासिकेत परततो आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र सुरू करतो. त्यातून एलायझाचा पहिल्या दिवशीचा आवाज येऊ लागतो : रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचा, लंडनच्या कॉकनी बोलीतला. इतक्यात ती स्वतः मागून येते, यंत्र बंद करते, आणि मुद्रणातले पुढचे वाक्य त्याच जुन्या बोलीत आपल्या मुखाने पुरे करते. ध्वनिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला हा चित्रपट दाखविला असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘यंत्रातला आवाज तिचा, आताचाही तिचाच, मग मघाच्या गाण्यांतला कोणाचा?’’ प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे म्हटले की पन्नास वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो, आणि ध्वनिशास्त्राविषयी आपण समाजात जी समजूत रुजू दिली तिचाही थोडा हिशेब द्यावा लागतो.

या कथेचे मूळ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात आहे हे सर्वश्रुत आहे. त्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला नाही. तो १९१३ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत झाला. इंग्रजी उच्चारांवरचे नाटक प्रथम इंग्रजीतच बोलले गेले नाही, हा योगायोग गमतीचा आहे. लंडनचा प्रयोग एप्रिल १९१४ मध्ये झाला. नाटकाच्या प्रस्तावनेत शॉने ऑक्सफर्डचे ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांचे स्मरण केले आहे. स्वीट १९१२ साली निवर्तले होते. त्यांचा ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ १८७७ सालचा. विद्वत्ता असामान्य, स्वभाव तिखट, आणि विद्यापीठाकडून व्हावी तशी कदर न झालेली, अशी ही व्यक्ती. हिगिन्स हे स्वीटचे चित्र नव्हे, पण त्यात स्वीटच्या काही छटा आहेत, असा शॉचा खुलासा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९०७ पासून अध्यापन करणारे डॅनियल जोन्स हे हिगिन्सचे दुसरे प्रतिरूप असावे, असेही मत पुढे मांडले गेले आहे. हिगिन्सची प्रयोगशाळा शॉने हौसेने सजविली : फोनोग्राफ, मेणाच्या नळकांड्यांची पेटी, स्वरयंत्र पाहण्याचा आरसा, निरनिराळ्या आकारांचे नादकाटे, गाणाऱ्या ज्योतींच्या चिमण्या, आणि अर्धे मस्तक उभे चिरून वागिंद्रिये दाखविणारी प्रतिकृती. या खोलीत येणारा कर्नल पिकरिंग हिंदुस्थानातून आलेला असून तो आपल्याकडील बोलींचा अभ्यासक आहे. त्या काळी आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषापाहणीचे काम चालू होते, व तिचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघालेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे पिकरिंग हे पात्र वाटते तितके काल्पनिक राहत नाही.

तथापि शॉच्या या सजावटीत एक गफलत होती, आणि पुढे प्रत्येक रूपांतरात ती वारशाने आली. स्वीट आणि जोन्स यांचे शास्त्र वर्णनाचे आहे. कोणता माणूस कोणता ध्वनी काढतो, जीभ कोठे असते, ओठ कसे असतात, हे ते सांगते. कोणी काय बोलावे हे सांगत नाही. हिगिन्स मात्र वर्णन करता करता न्यायनिवाडा करू लागतो. माणसाचे गाव सहा मैलांच्या आत ओळखता येते, लंडनात तर दोन मैलांत, ही त्याची फुशारकी शास्त्राची आहे. फुलवालीच्या उच्चारांची त्याने केलेली हेटाळणी शास्त्राची नाही. ज्या ‘शुद्ध’ उच्चाराकडे तो तिला नेतो, त्याला त्या काळी धड नावही नव्हते. जोन्सने आपल्या १९१७ च्या उच्चारकोशात त्याला ‘पब्लिक स्कूल’ उच्चार म्हटले आणि १९२६ च्या आवृत्तीपासून ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ हे नाव स्वीकारले. म्हणजे ही बोली प्रदेशाची नव्हे, शाळेची, आणि ती शाळाही मूठभर घरांतील मुलांची.

शॉ हयात असेपर्यंत ‘पिग्मॅलियन’ला संगीताचा साज चढणे शक्य नव्हते. त्याच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ साली रचलेल्या संगीतिकेमुळे तो इतका चिडला होता की, तसा प्रकार पुन्हा होऊ द्यावयाचा नाही असे त्याने ठरवून टाकले. बोलपटाला मात्र त्याने संमती दिली. १९३८ चा तो चित्रपट गेब्रिएल पास्कलने निर्मिला. लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांनी त्यात भूमिका केल्या, आणि पटकथेबद्दल शॉला अमेरिकेचे अकादमी पारितोषिक मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा चित्रपट फार महत्त्वाचा आहे. मूळ नाटकात एलायझाची शिकवणी रंगमंचावर जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्या अंकात ती येते, तिसऱ्यात अर्धीकच्ची शिकलेली दिसते. शिकण्याची क्रिया दाखविण्याची शक्ती कॅमेऱ्याची होती आणि चित्रपटाने ती वापरली. एका संयुक्त स्वरावर बेतलेले ते प्रसिद्ध पाठाचे वाक्य आणि सरदारघराण्याच्या नृत्यसमारंभात एलायझाची परीक्षा घेणारा हंगेरियन ध्वनिशास्त्रज्ञ या गोष्टी या चित्रपटातून आल्या. एलायझा परत येते तो शेवटही त्यातलाच. शॉ १९५० साली वारला. त्यानंतर अ‍ॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लो यांनी संगीतिका रचली ती नाटकाइतकीच, किंबहुना काही जागी नाटकापेक्षाही अधिक, या बोलपटावर उभी आहे. रंगभूमीवरून पडद्यावर आलेली कृती म्हणून आपण ‘माय फेअर लेडी’कडे पाहतो, पण तिचा निम्मा ऐवज पडद्यावरूनच रंगभूमीवर गेलेला होता.

संगीतिकेचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला १५ मार्च १९५६ रोजी झाला आणि २९ सप्टेंबर १९६२ पर्यंत तिचे २७१७ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर तोपर्यंत कोणत्याही संगीतिकेला एवढे आयुष्य लाभले नव्हते. हिगिन्स रेक्स हॅरिसन, एलायझा ज्युली अँड्र्यूज, आणि एलायझाचा बाप स्टॅन्ली हॉलोवे. येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. ही संगीतिका बंद झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच, त्याच शहरात, विल्यम लॅबोव्ह हा तरुण संशोधक मोठमोठ्या दुकानांत विक्रेत्यांना एखादी वस्तू कोणत्या मजल्यावर मिळेल असे विचारीत हिंडत होता. ‘चौथ्या मजल्यावर’ हे उत्तर देताना शब्दांतला ‘र’ उच्चारला जातो की गळतो एवढेच त्याला ऐकावयाचे होते, आणि श्रीमंती दुकानापासून स्वस्त दुकानापर्यंत तो ‘र’ पायरीपायरीने कमी होत जातो हे त्याला आढळले. तिकडे इंग्लंडात हॅरॉल्ड ऑर्टन आणि त्यांचे सहकारी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन बोलींची पाहणी करीत होते. प्रेक्षक हिगिन्सच्या हुशारीला टाळ्या देत होते त्याच वर्षांत खरे भाषाभ्यासक वही घेऊन लोकांसमोर बसले होते, आणि त्यांपैकी कोणी कोणाचा उच्चार सुधारीत नव्हते.

चित्रपटाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सने पंचावन्न लाख डॉलरना घेतले. एवढी रक्कम गुंतल्यावर जॅक वॉर्नरला पडद्यावर नवखी असलेली अँड्र्यूज नको होती, आणि ऑड्री हेपबर्नची निवड झाली. हॅरिसन आणि हॉलोवे कायम राहिले. दिग्दर्शन जॉर्ज क्यूकरचे. या चित्रपटाची जी टीका आजवर झाली ती बव्हंशी या निवडीभोवती फिरते. चित्रे सुंदर, कपडे डोळे दिपविणारे, पण सगळे जागच्या जागी थिजल्यासारखे, असाही एक सूर असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु आपल्या शाखेतील वाचकाने ज्याकडे पाहावे अशी गोष्ट निराळीच आहे. हिगिन्सची प्रयोगशाळा या चित्रपटात प्रथमच खरी झाली.

क्यूकरने त्यासाठी पीटर लॅडेफोगेड यांना सल्लागार नेमले. लॅडेफोगेड मूळचे इंग्लंडचे, एडिंबरोला शिकलेले, आणि त्या वेळी नुकतेच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ध्वनिप्रयोगशाळा स्थापून बसलेले. हिगिन्सच्या वहीतले ध्वनिलेखन त्यांचे आहे. पिकरिंगला ऐकविलेली स्वरांची माळ त्यांच्याच आवाजात आहे. ध्वनिशास्त्रज्ञ यंत्रांना हात कसा लावतो, हे हॅरिसनला त्यांनी दाखविले. लॅडेफोगेडचे गुरू डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी, आणि अ‍ॅबरक्रॉम्बींचे गुरू डॅनियल जोन्स. म्हणजे ज्या जोन्सवरून हिगिन्स बेतला असे कित्येक मानतात, त्याचीच गुरुपरंपरा तिसऱ्या पिढीत हिगिन्सला वही कशी धरावी हे शिकवीत होती. नाट्येतिहासात असा प्रकार क्वचितच घडला असेल.

धडे दाखविणाऱ्या प्रसंगांतील काही सामग्री तर वर्गात वापरण्याजोगी आहे. शब्दारंभीचा ‘ह’ कॉकनीत गळतो. तो काढताना बाहेर पडणाऱ्या श्वासाने समोरची ज्योत थरथरली पाहिजे, ही युक्ती पाहताच एकोणिसाव्या शतकातील केनिगच्या ज्योतियंत्राची आठवण होते. वाक्याचा सूर कोठे चढतो व कोठे उतरतो हे हिगिन्स काष्ठतरंगावर वाजवून दाखवितो. सूर हा शब्दांहून वेगळा काढून शिकविता येतो, ही दृष्टी पूर्णपणे शास्त्रीय आहे. तोंडात गोट्या ठेवून बोलावयास लावणे मात्र डेमॉस्थेनीसच्या खड्यांची नक्कल असून तिचा ध्वनिशास्त्राशी काडीचा संबंध नाही. प्रेक्षकांना हसू आले पाहिजे म्हणून ती आली आणि राहिली.

इतकी खरी प्रयोगशाळा उभी केली, आणि तिच्यात जो आवाज घडवावयाचा तोच उसना आणला. एलायझाची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने गायिली आहेत. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडसाठी तिनेच आवाज दिला होता. पडद्यावरील श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. आपल्या वाचकांना यात वावगे वाटणार नाही, कारण १९३५ पासून पार्श्वगायन हा आपल्या चित्रपटाचा कणाच होऊन बसला. तरी आपल्याकडेही १९४९ च्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले गेले होते, हे विसरून चालणार नाही. उसना आवाज ही फसवणूक नव्हे. ज्या कथेत आवाज हा केवळ अलंकार आहे तेथे तो कोणाचाही चालतो. येथे आवाज हीच कथा आहे.

रंगभूमीवर याला पर्याय नसतो. एकच गळा, एकाच संध्याकाळी, त्याच प्रेक्षकांसमोर दोन बोली बोलतो. पहिल्या प्रवेशातला स्वर आणि शेवटच्या प्रवेशातला स्वर एकाच देहातून निघाले याला शेकडो माणसे साक्षी असतात. हिगिन्सच्या प्रयोगाचा पुरावा हाच, दुसरा नाही. चित्रपटाने तो पुरावा नाहीसा केला. त्यातही विशेष असा की, हॅरिसनने पूर्वमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलविण्यास साफ नकार दिला. तो गात नसे, तालात बोलत असे, आणि दोनदा तेच तसेच बोलणे त्याला जमत नसे. त्याच्यासाठी गळपट्ट्यात बिनतारी ध्वनिग्राहक लपवून त्याचा आवाज प्रत्यक्ष चित्रणाच्या वेळीच टिपला गेला. गुरूचा आवाज जिवंत टिपावा आणि शिष्येचा बदलून टाकावा, अशी ही व्यवस्था होती. हेपबर्नने गाण्यांचा सराव केला होता, ध्वनिमुद्रणही केले होते, आणि आपलाच आवाज ठेवला जाईल या आशेवर तिने बरेच दिवस काढले होते. तिची ती मुद्रणे पुढे ऐकावयास मिळाली. उंच सुरांवर तिचा गळा अपुरा पडतो हे खरे. पण ‘वुडंट इट बी लव्हर्ली’ या फुलवालीच्या गाण्यात तो अपुरेपणा शोभतोही, असे मला तरी वाटले. कडक थंडीत उघड्यावर उभी असलेली मुलगी किती सुरेल गाणार?

याच संदर्भात एक बाब नजरेतून सुटते. नाटकात एलायझा कॉकनीकडून प्रतिष्ठित इंग्रजीकडे जाते, पण तिची भूमिका करणाऱ्या नटीचा अभ्यास नेमका उलट्या दिशेने होतो. १९१४ साली लंडनला ही भूमिका करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या, नावाजलेल्या नटी होत्या. ज्युली अँड्र्यूज ही लहानपणापासून स्वच्छ, संस्कारित इंग्रजी बोलणारी व गाणारी मुलगी. तिला कॉकनी शिकविण्यासाठी न्यूयॉर्कला शिक्षक नेमावा लागला, आणि तो अमेरिकन होता. हेपबर्न ब्रुसेल्सला जन्मलेली आणि युद्धकाळात हॉलंडमध्ये वाढलेली. तिचे इंग्रजी कोणत्याच गावचे नव्हते. म्हणून पूर्वार्धात तिची कॉकनी कृत्रिम वाटते, आणि उत्तरार्धातली तिची एलायझा, जिचे बोलणे निर्दोष पण निराधार आहे, ती विलक्षण पटते. हंगेरियन परीक्षक जेव्हा छातीठोकपणे सांगतो की ही मुलगी इंग्रज नव्हेच, तेव्हा प्रेक्षक हसतात. हेपबर्नच्या बाबतीत तो अगदीच चुकत नव्हता. ‘उच्च’ भाषा तिला येत होती. शिकावी लागली ती ‘हीन’ भाषा, आणि ती कठीण गेली. कॉकनी ही नियमहीन बोली असती तर ती कोणालाही सहज आली असती.

आता शेवटाकडे पुन्हा वळू. शॉच्या पाचव्या अंकात एलायझा पिकरिंगला सांगते की परदेशी नेलेले मूल आपली भाषा विसरते, तशी मीही माझी विसरले आहे, आता तुमचीच तेवढी येते. नाटकातील हा सर्वांत करुण विचार आहे, आणि पाठोपाठ बापाला पाहताच तिच्या तोंडून जुना चीत्कार निघतो, हा शॉचा खट्याळपणा. म्हणजे शॉच्या लेखी जुनी बोली एक तर नष्ट होते, नाही तर नकळत फुटते. १९३८ च्या बोलपटाने आणि त्याच्या मागोमाग संगीतिकेने तिसरी शक्यता दाखविली. एलायझा यंत्र बंद करते आणि जुन्या बोलीत मुद्दाम बोलते. बोली विसरलेली नाही, आवरता न येऊन निसटलेलीही नाही; हवी तेव्हा हवी ती बोली काढण्याची शक्ती तिच्यापाशी आहे. दोन बोलींत वावरणाऱ्या माणसाचे हेच खरे वर्णन होय, आणि येथे चित्रपट शॉपेक्षा भाषाशास्त्राच्या अधिक जवळ आहे. त्या परतण्यात तिची शरणागती आहे की थट्टा, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. शॉने १९१६ मध्ये छापलेल्या उपसंहारात तिचे लग्न फ्रेडीशी लावून दिले होते आणि ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

मराठीत ही कथा पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकाने १९७५ साली आली. त्याच्या अलीकडे-पलीकडे प्रमाणभाषा व बोली यांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले त्यात डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलीपाहणीतील दक्षिण कानड्यातील कोकणी (१९६३) आणि कुडाळी (१९६५) यांवरील ग्रंथ येतात. ते आपल्या ग्रंथालयांत आहेत आणि क्वचितच मागितले जातात. ‘ती फुलराणी’ मात्र घराघरांत पोचली. तिच्यातील प्राध्यापक अशोक जहागीरदार मंजुळेला सुधारावयास घेतो तेव्हा तो हिगिन्सची गफलत तर करतोच, शिवाय ती आपल्या मातीत अधिक बोचरी होते. लंडनमध्ये गळलेला ‘ह’ वर्ग सांगतो. आपल्याकडे ‘पाणी’च्या जागी आलेले ‘पानी’ वर्ग सांगते, प्रदेश सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जातही सांगून मोकळे होते. ‘ण’च्या जागी ‘न’, वऱ्हाडात ‘ळ’च्या जागी ‘य’, ही ध्वनींची नियमित जुळणी आहे हे आपण पहिल्याच सत्रात शिकवितो. तेच विद्यार्थी शिक्षक झाल्यावर वहीच्या समासात ‘अशुद्ध’ असा शेरा लिहितात.

पु. लं.नी केवळ शॉ समोर ठेवला नव्हता, याचा एक अंतर्गत पुरावा आहे. मास्तराला धडा शिकविण्याच्या मंजुळेच्या त्या गाजलेल्या स्वगताला शॉच्या नाटकात आधार नाही. तो आहे संगीतिकेतील ‘जस्ट यू वेट’ या गाण्यात. चित्रपटात या गाण्याची जी स्थिती झाली ती कान देऊन ऐकण्यासारखी आहे. आरंभीचा संतापाचा भाग हेपबर्नच्या स्वतःच्या, खरखरीत आवाजात आहे. पुढे एलायझा आपण मोठी झाल्याचे, राजाने आपली विचारपूस केल्याचे स्वप्न रंगवू लागते, सूर वर जातात, आणि तेथे निक्सनचा आवाज येतो. सांधा सफाईने बसविला आहे, पण एकदा ऐकू आला की पुन्हा लपत नाही. फुलवाली बोलते तोवर आवाज तिचा. ती थोर होण्याचे स्वप्न पाहते तेव्हा तो दुसरीचा.

मराठी नाटक संगीतिका नव्हते. त्यामुळे गाण्याचे बोलणे झाले. सुरावट गेली, पण ताल राहिला, आणि तो सांभाळण्याचा सगळा भार नटीच्या एका गळ्यावर आला. तो गळा भक्ती बर्वे यांचा होता, आणि मुंबई दूरदर्शनच्या निवेदिका म्हणून तो प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. प्रमाण मराठीतील निवेदने सांगणारा आवाज रंगमंचावर मंजुळेची बोली बोलत असे, आणि तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत तो बदलण्याची सोय नव्हती.